व्हर्नची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' फ्रेंचमधून इंग्रजीत: मापं, आकडे आणि मर्सियरचा अनुवाद

प्रश्न (विचारणारे सदस्य: तळटीप):
ज्यूल व्हर्नच्या या कादंबरीतल्या काही प्रकरणांचा नवा इंग्रजी अनुवाद करायला घेतला आहे. वाचक आजचा, फ्रेंच अजिबात न येणारा. तीन गोष्टी अडल्या आहेत. मापं मूळचीच ठेवायची की मैल-फुटांत आणायची? लुईस मर्सियर यांचा १८७२-७३चा इंग्रजी अनुवाद प्रताधिकारमुक्त आहे. तो पायाला घेऊन फक्त भाषा ताजी केली तर चालेल का? आणि कोंसेय हा नोकर प्राध्यापक आरोनाक्स यांना कधीच 'तुम्ही' म्हणत नाही, ते इंग्रजीत कसं उतरवायचं?

शब्दवजन:
मर्सियर पायाला घेऊच नका. मूळ मजकुराचा जवळजवळ पाव भाग त्यात गाळलेला आहे, आणि उरलेल्यातही आकडे बिघडलेले आहेत.

पहिल्या भागाचं तेरावं प्रकरण उघडा. कप्तान नेमो आपल्या नॉटिलस या पाणबुडीच्या पोलादाची घनता सांगतो, 'सेत, वित दिझिएम'. याचा अर्थ सात पूर्णांक आठ दशांश, म्हणजे पाण्याच्या ७.८ पट. मर्सियरनी स्वल्पविरामाचा अर्थ 'सात ते आठ दशांश' असा लावला आणि पोलाद पाण्यापेक्षा हलकं करून टाकलं. खरं तर ताळा त्याच पानावर होता. बाहेरच्या कवचाचं क्षेत्रफळ १०११.४५ चौरस मीटर, जाडी ५ सेंटिमीटर, म्हणजे घनफळ ५०.५७ घनमीटर. त्याला ७.८ ने गुणलं की ३९४.४७ टन येतात, व्हर्न ३९४.९६ देतो. व्हर्नच्या प्रत्येक आकड्यावर असा गुणाकार करून बघा. उत्तर आसपास आलं नाही तर चूक बहुधा आपल्या वाचनात असते, किंवा डिजिटल प्रतीत अक्षर बदललेलं असतं. म्हणून गालिकावरची (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल संकेतस्थळ) एत्झेल आवृत्तीची, म्हणजे व्हर्नच्या मूळ प्रकाशकाची, स्कॅन प्रत शेजारी उघडी हवीच.

शब्दांच्या चुका वेगळ्याच. 'स्काफांद्र' म्हणजे इथे पाणबुड्याचा पोशाख. अठराव्या शतकात तोच शब्द बुचाच्या तरंगत्या जाकिटासाठी वापरात होता. मर्सियरनी जुना अर्थ धरला, त्यामुळे मंडळी बुचाची जाकिटं घालून समुद्राच्या तळावर फिरायला निघतात! नेब्रास्काच्या 'मोव्हेझ तेर'चं, म्हणजे बॅडलँड्सचं, त्यांनी 'डिसअग्रीएबल टेरिटरी' केलं. जो शब्द ओळखीचा वाटतो तोच १८७०च्या आसपासच्या फ्रेंच कोशात पाहायचा, कारण अनोळखी शब्द आपण पाहतोच.

वावभर_दोरी:
मापांबद्दल. गोष्ट सांगणारा आरोनाक्स पॅरिसचा प्राध्यापक आहे, तो मीटरमध्येच विचार करणार. नॉटिलस ७० मीटर लांब, ८ मीटर रुंद. हे तसंच ठेवा. 'तोनो' (फ्रेंच टन) इथे १००० किलोचा आहे, ब्रिटिश लाँग टन १०१६ किलोचा. तेव्हा नुसतं 'टन' न लिहिता मेट्रिक टन लिहा.

खरी गोम चौथ्या प्रकरणात आहे. आरोनाक्स नेड लँड या देवमासे मारणाऱ्या भालेकऱ्याला पाण्याचा दाब समजावतो: ३२ फुटांना एक वातावरण (म्हणजे हवेच्या दाबाइतका दाब), ३२०ला दहा, ३२००ला शंभर. जुना फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, म्हणजे ते ३२ फूट इंग्रजी मापात ३४ होतात. रूपांतर केलंत की ३४, ३४१, ३४१० अशी ओबडधोबड रांग येते आणि नेडला तोंडी हिशोब करून दाखवण्याची गंमतच जाते. ३२ ठेवा, एक टीप द्या.

शीर्षकातली 'ल्यू', म्हणजे फ्रेंच लीग, ४ किलोमीटरची. २०,००० म्हणजे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या. इंग्रजी लीग ३ मैलांची, ४.८ किलोमीटर. हे अंतर प्रवासाचं आहे, खोलीचं नाही, एवढं प्रस्तावनेत एका वाक्यात सांगा. मूळात 'समुद्र' अनेकवचनी आहे, म्हणून इंग्रजी शीर्षकाच्या शेवटी 'सीज' हवं.

अनुस्वार:
कोंसेय पहिल्यांदा येतो तोच 'मस्यूंनी (फ्रेंचमध्ये 'साहेब') बोलावलं?' असं विचारत. मराठीत 'साहेबांनी बोलावलं?' म्हटलं की काम झालं, इंग्रजीत असा सोपा मार्ग नाही. 'डिड यू कॉल, सर?' हे कानाला गोड लागतं, पण त्याच प्रकरणात आरोनाक्स म्हणतो की याच्या तृतीयपुरुषी बोलण्याचा वैताग येतो. 'यू' घातलंत तर तो वैताग कशाचा, हे वाचकाला कळणार नाही. 'डिड मस्यू कॉल?' असंच शेवटपर्यंत चालवा. नेडसुद्धा 'मस्यू' म्हणतो, पण हाक म्हणून. त्याचं 'सर' करा. दोघांचा फरक आपोआप उभा राहतो.

तळटीप:
धन्यवाद. मर्सियर बाजूला ठेवतो. पण आपल्याकडूनही नकळत काही गळू नये, यासाठी काय करता?

शब्दवजन:
फ्रेंचच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या, संवादाच्या एका ओळीलासुद्धा, आणि इंग्रजी समोरच्या रकान्यात लिहा. रिकामा चौकोन लगेच दिसतो. माशांच्या लांबलचक याद्या हमखास गळतात, तिथे नावंही मोजा. इंग्रजी सहसा फ्रेंचपेक्षा थोडं आखूड होतं. एखादं प्रकरण फारच आखडलं तर परत मागे जा.

आणि पुढे नेमो पुन्हा भेटतो त्या व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'कडे वळलात तर तिथे गाळण्यापेक्षा बदलणं जास्त आहे. नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावात लढलेला. व्हर्ननं तो उठाव सहानुभूतीनं लिहिला. किंग्स्टन यांच्या नावानं १८७५ साली निघालेल्या इंग्रजी आवृत्तीत मात्र लोकांना महत्त्वाकांक्षी राजांनी भडकवलं, असा सूर आहे. इंग्रजी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी नेमोचा राग असा पुसट झालेलाच वाचला. त्या प्रकरणासाठी रकाने दोन नकोत, तीन करा: फ्रेंच, किंग्स्टन आणि तुमचा मसुदा.