आज्जीचा डालड्याचा डबा: टाकायचा का ठेवायचा?

माणचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, विषय छोटाय पण घरात आठवडाभर धुसफूस चालू आहे म्हणून विचारतो. आज्जी फेब्रुवारीत गेली, नव्वदीच्या आसपास असेल, नक्की वय कुणालाच माहीत नाही. गाव आमचं माण तालुक्यात पण शेवटची सात-आठ वर्षं ती पुण्यात आमच्याकडंच होती. परवा तिची खोली आवरायला काढली तर पलंगाखाली, पार भिंतीला लावून, डालड्याचा जुना पत्र्याचा डबा सापडला, झाडाचं चित्र निम्मं उडालेलं. उघडला तर आत वाळलेल्या भाकरीचे तुकडे, तोंडापर्यंत भरलेले! म्हणजे आम्ही इकडं मोबाईलवरनं बिर्याणी मागवत होतो आणि ही बाई उरलेली चतकोर-नितकोर भाकरी गच्चीत वाळवून साठवत होती. मी एकदा बघितलं होतं तिला वाळवताना, विचारलं तर म्हणाली "आसू दे, दिस सारखं नस्त्यात". मला वाटलं चिमण्यांना घालत असेल.

बायको म्हणते किडे होतील, आजच्या आज टाका. आई म्हणते डब्याला हात लावायचा नाही. आणि आईचंपण तेच चाललंय, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, रवा संपायच्या आधी दुसरा आणते, पावशेर साखर कायम वेगळी काढून ठेवलेली असते आणि कुठं ते कुणाला सांगत नाही. पाच माणसांच्या घरात सहाव्याचा स्वयंपाक रोज होतो. लहानपणी याचं कौतुक वाटायचं, आता दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चालायला जागा नाही.

तुमच्याकडं आई-आज्जीच्या अशा काय सवयी उतरल्यात आणि तुम्ही त्यांचं काय केलं? आणि डब्याचं काय करू?

बांधावरची_बाई

भाऊ, डबा टाकायच्या आधी आईंना बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा. आज्जी तुमची तेव्हा पस्तिशी-चाळिशीची असणार म्हणजे ऐन कर्त्या वयात तिने तो काढला.

आम्ही बीडकडचे. माझी आई तेव्हा दहा वर्षांची, आजीबरोबर दुष्काळी कामावर जायची. कुठं पाझर तलाव कुठं रस्ता, बायकांना बहुतेक खडी फोडायला बसवायचे. कपची उडून आजीच्या भुवईवर लागली होती, तो व्रण शेवटपर्यंत होता. कामावर सुकडी मिळायची, ती आजी तिथं खायची नाही, पदरात बांधून घरी लहान्याला आणायची. आणि रेशनला मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आई सांगते त्या पिठाला चिकटपणाच नव्हता, भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची आणि खाल्ली तर घशात अडकायची. आजही आई ज्वारी घेताना मूठभर हातावर घेऊन उजेडात धरते, दुकानदार हसतात तिला.

पण मला वाटतं आमच्या घराला वळण लागलं ते खाण्यापेक्षा मस्टरमुळं. आजीचा अंगठा असायचा हजेरीवर, किती दिवस भरले ते मुकादम सांगेल तेवढे. एका आठवड्याला सहाचे चार झाले आणि तिला काही बोलता आलं नाही. त्यानंतर तिने आईला शाळेतून काढू दिलं नाही, आजोबांनी दोन दिवस अबोला धरला तरी. आई सातवी झाली, पुढं अंगणवाडी सेविका झाली आणि गंमत बघा, आयुष्यभर गावातल्या पोरांना सुकडीच वाटली. वाटताना आधी चमच्याने सारखी करून घ्यायची, कुणाला दाणा कमी नको. मी आज बँकेत आहे. सही करायच्या आधी कागद दोनदा वाचते, साहेब वैतागतो 😀

कढीलिंब

सगळं वाचलं, डोळ्यात पाणीबिणी आलं. तरी एक विचारू का, राग मानू नका. ते तुकडे आजी वाळवायची पण खायचं कोण? आमच्या घरात ताजी भाकरी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, शिळी आजीच्या आणि मग आईच्या. बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसणार, भाजी संपली असेल तर चटणी-तेल. वर आपण तिला अन्नपूर्णा म्हणणार. काकांनी तर आजीच्या तेराव्याला भाषण ठोकलं की आईने कधी काही मागितलं नाही. अहो मागायला वेळ कधी दिलात तुम्ही!

माझी आजी काटकसरी नव्हती, तिच्या वाट्याला उरेल तेवढंच यायचं, तिला आपण संस्कार नाव दिलं. त्यामुळे माझ्या घरी नियम केलाय, सगळे एकत्र बसायचं आणि शिळं असेल तर सगळ्यांच्या ताटात एकेक घास. नवऱ्याने पहिल्यांदा फोडणीची भाकरी खाल्ली तेव्हा म्हणाला छान लागते की गं. छत्तीस वर्षांचा घोडा, त्याच्या आईच्या ताटात रोज होती ती.

लालबागची_नात

कढीलिंब ताईंशी सहमत पण प्रत्येक आजी शेवटीच जेवली असंही नाही हं. माझी आजी खानावळवाली. लालबागला चाळीतल्या एका खोलीत घरची सात माणसं आणि वर गिरणीतले वीस-बावीस गडी जेवायला, पाळीप्रमाणे. पहाटे साडेतीनला स्टोव्ह सुरू. आजी स्वतः पहिल्या पंगतीच्या आधी खायची, सरळ म्हणायची मी पडले तर बावीस जण उपाशी.

लिहिता येत नव्हतं म्हणून तिचा हिशोब भिंतीवर कोळशाने. प्रत्येक गड्याची खूण ठरलेली, कुणाची छत्री कुणाचा मासा कुणाची विडी, आणि खुणेपुढे दिवसाच्या रेघा. खाडा झाला तर आडवी. बाबा शाळेत जायच्या आधी बेरीज त्या भिंतीवर शिकले आणि दिवाळीला चुना काढायची वेळ आली की आजी तेवढा पट्टा सोडायला लावायची.

पगार महिन्याने मिळायचा पण वाण्याला पैसे आत्ता लागायचे, म्हणून या सगळ्या बायका सावकाराकडे अडकलेल्या. 1975 ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आजीला बँकेत शिरायची भीती वाटत होती, चपला बाहेर काढून गेली होती देवळात गेल्यासारखी. कर्ज तिच्या नावावर झालं आणि घरातला आवाज बदलला असं बाबा म्हणतात, आजोबा काही घ्यायचं तर तिला विचारायला लागले.

मग 18 जानेवारी 1982 चा संप. अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, आजोबापण. गडी एकेक करून गावाला गेले, कुणी कोकणात कुणी घाटावर. भिंतीवर रेघा तशाच राहिल्या. थोडे परत येऊन पैसे देऊन गेले, एक माणूस तर बऱ्याच वर्षांनी आला, छत्रीवाला. आजीने पैसे घेतले, मोजले, मग त्याला जेवायला वाढलं. आधी मोजले बरं का 😄

आता त्या जागी टॉवर आहे. भिंतीचा फोटो कुणी काढला नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून दादा, डब्याचा फोटो तरी काढून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

भावनिक सगळं ठीक आहे पण तुकड्याला वास येतो का ते पाहा आधी. खवट असेल तर माणसानं खाऊ नये आणि बुरशी असेल तर जनावरालेही घालू नका. कोरडे खणखणीत असले तर ताकात भिजवा, लसूण-मिरचीची फोडणी द्या, वरून शेंगदाणे. बाकी तुमच्या आईच्या पिशव्या मला द्या, आमच्या मायकडे कमी पडून राह्यल्या.

माणचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार. कढीलिंब ताई, तुमचं वाचून रात्री आईला विचारलं ते तुकडे खायचं कोण. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मी.

लग्न होऊन आली तेव्हा घरात अकरा माणसं, बायका शेवटी बसायच्या, आणि नवी सून म्हणून ही सगळ्यात शेवटी. टोपल्यात बऱ्याचदा काही नसायचं आणि मागायची लाज. एका रात्री आज्जी चुलीपुढची राख सारता सारता हळूच म्हणाली, उतरंडीमागं डबा हाय, गूळबी हाय, चूळ भराय उठल्यावाणी उठायचं. बास एवढंच. पुन्हा कधी दोघींत त्यावर शब्द नाही. आई म्हणाली डबा कधी रिकामा मिळाला नाही. मोहन पोटात होता तेव्हा (माझा थोरला भाऊ) त्यात खारका पण असायच्या.

चाळीस वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. दोघी कचाकचा भांडायच्या हेच आठवतं.

तुकड्यांना थोडा वास आहे म्हणून खत करणार, बायकोच्या कुंड्यांना. डबा ठेवलाय. बायकोने तो तारेच्या घासणीने घासायला घेतला तर आई ओरडली, झाड जाईल म्हणून. मग दोघींनी बसून फडक्याने पुसला.

कढीलिंब

माझे शब्द थोडे मागे घेते. थोडेच. आईंना अजून एक विचारा, आज्जी नवी सून होती तेव्हा तिच्यासाठी कुणी ठेवला होता का डबा?

माणचा_पुणेकर

आई झोपली. उद्या विचारतो.