मोर्सचं एकेक अक्षर ओळखता येतं, सलग आलं की मागे पडते: हॅमच्या जनरल ग्रेडसाठी मदत हवी आहे

सातारी_लहर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हॅम (हौशी) रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आहे, म्हणजे व्हीयू३ ने सुरू होणाऱ्या कॉल साइनवाली. आता त्याच्या वरच्या जनरल ग्रेडची परीक्षा द्यायची आहे. थिअरी आणि नियमांची फार धास्ती नाही. गाडी अडलीय ती मोर्सवर. मिनिटाला ८ शब्द घेता आले पाहिजेत आणि तेवढेच पाठवताही आले पाहिजेत.

सध्याची परिस्थिती अशी: ठिपके-रेघांचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून सगळी अक्षरं आणि आकडे पाठ केलेत. झोपेतून उठवून 'क्यू' विचारलंत तरी डा-डा-डि-डा सांगेन (डि म्हणजे ठिपका, डा म्हणजे रेघ). मोबाइलवरच्या ॲपमध्ये मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने सुटं अक्षर वाजलं तर ओळखते. पण सलग मजकूर सुरू झाला की एक अक्षर जुळवेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात. मग त्या हुकलेल्याचाच विचार करत बसते आणि अख्खं वाक्य हातचं जातं. एच आणि ५ मध्ये तर रोज गोंधळ. पाठवायला त्या मानाने सोपं वाटतं.

नोकरी आहे, त्यामुळे सरावाला सकाळचा थोडा वेळ आणि एसटीतला प्रवास एवढंच मिळतं. वेग आणखी कमी करून पाया पक्का करू, की काही वेगळं करायला हवं? वय ४६. 'लहानपणीच शिकायला हवं होतं' हे सोडून काहीही सांगा :)

खरखर

ताई, आधी तो तक्ता दारावरून काढा. आणि वेग कमी नका करू, वाढवा. उलटं वाटेल, पण जरा ऐका.

तुमच्या डोक्यात आत्ता काय होतंय बघा. आवाज आला, तुम्ही ठिपके मोजले, मनातल्या तक्त्यावर ती आकृती शोधली, मग अक्षर सापडलं आणि मग हात हलला. मिनिटाला ८ शब्द, शब्द ५ अक्षरांचा, म्हणजे मिनिटाला ४० अक्षरं. एका अक्षराला जेमतेम दीड सेकंद, त्यात ते अक्षर वाजायचा वेळही आलाच. एवढ्यात ही सगळी वरात कशी निघणार? ५ च्या वेगाला कशीबशी निघते, म्हणून तिथे जमतंय असं वाटतं. ७-८ ला बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, वयाचा काही संबंध नाही.

मिनिटाला ८ च्या वेगाने ठिपका १५० मिलिसेकंदांचा असतो. एच म्हणजे चार ठिपके आणि मधल्या तीन फटी, सगळं मिळून सेकंदाच्या वर. एवढा लांबला की माणूस मोजणारच. तोच एच १८ च्या वेगाने वाजवला तर अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. मोजायला सवडच नाही, त्यामुळे कान त्याचा एकसंध आवाज धरायला लागतो. म्हणून अक्षर १८ ते २० च्या वेगाने वाजवायचं आणि दोन अक्षरांमधली फट ताणून एकूण वेग ५-६ वर ठेवायचा. याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. सरावाच्या बहुतेक ॲपमध्ये अक्षराचा वेग आणि एकूण वेग अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात, त्या शोधा.

त्याच्या जोडीला कोखची पद्धत. लुडविग कोख हा जर्मन मानसशास्त्रज्ञ, १९३० च्या दशकात त्याने यावर काम केलं. सगळी अक्षरं एकदम घ्यायचीच नाहीत. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं फक्त दोन. शंभरातली नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं. एलसीडब्ल्यूओ नावाचं फुकट संकेतस्थळ आहे, तिथे याच क्रमाने धडे आहेत, सुरुवात के आणि एमपासून. तुम्हाला सगळी अक्षरं 'येतात', त्यामुळे पुन्हा दोनपासून सुरू करायचा कंटाळा येईल. तरी करा. तक्ता विसरायला थोडे दिवस जातीलच.

सराव एका बैठकीत लांबवू नका. सकाळी पंधरा मिनिटं, एसटीत पंधरा मिनिटं, भरपूर झालं. तासभर बसलं की कान थकतो आणि नुसती चिडचिड होते.

तालतोड

+१. मी तबल्यातून मोर्सकडे आलो, त्यामुळे भर घालतो. बोल आधी तोंडाने म्हणायचा आणि मग हाताने वाजवायचा, तसं इथे करून बघा. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट तोंडातल्या तोंडात डिट-डामध्ये म्हणा. 'एमएच ११' ही साताऱ्याची पाटी घेतलीत तरी एम, एच आणि १ तिन्ही घटवून होतात, आणि ती तुम्हाला दिवसभर दिसणार. ठिपका-रेघ हे शब्द मात्र मनातही आणू नका, फक्त आवाज.

कोपरखळी

धाग्याचा विषय जरा बाजूला ठेवून विचारतो, राग नसावा. आपल्याकडची तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये. आता मोर्स शिकून करायचं काय?

खरखर

@कोपरखळी, प्रश्न रास्त आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हॅमसाठीची मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, अमेरिकेने २००७ मध्ये अट काढून टाकली. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, जनरलला आहे. पण सक्ती नसलेल्या देशांतही संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झचा खालचा भाग लावून बघा, गजबज असते. मोर्सचा सिग्नल दीडशे-दोनशे हर्ट्झमध्ये मावतो, बोलण्यासाठी हॅम वापरतात त्या एसएसबी प्रकाराला अडीच हजारांच्या आसपास लागतात. सगळी ताकद एवढ्याशा पट्ट्यात एकवटल्यामुळे ५ वॉट आणि गच्चीत बांधलेली अँटेनाची तार एवढ्यावर समुद्रापारचा माणूस गाठता येतो. गोंगाटात बोलणं विरून जातं तिथे हा टूं-टूं आवाज कानाला सापडतो.

पेन्शनर_तारवाला

मी तार खात्यात नोकरी केली. आमच्याकडे साउंडर म्हणजे टिचक्या वाजवणारं यंत्र होतं, तुमच्यासारखा टूं-टूं आवाज नव्हता. नुसतं कट्ट कडकट्ट. दोन टिचक्यांमधलं अंतर ऐकून ठिपका की रेघ ते कळायचं. नवा माणूस पहिले काही आठवडे रडकुंडीला यायचा आणि मग एक दिवस अचानक बसायचं.

सातारी_लहर यांना एकच सांगतो. हुकलेलं अक्षर सोडायचं. कागदावर तिथे आडवी रेघ मारायची आणि पुढच्याला कान द्यायचा. हे शिकवून येत नाही, मनाला सवय लावावी लागते. मजकूर साध्या भाषेतला असतो, एखाददुसरी गाळलेली जागा नंतर भरता येते. पण त्या एकापायी थांबलात तर पुढची पाच जातील.

दुसरं, वाजलं की लगेच लिहायची घाई करू नये. आमचे जुने लोक एक-दोन अक्षरं मागून लिहायचे. कान पुढच्या अक्षरावर आणि हात मागच्या. आधी एक अक्षर मागे राहून बघा. सुरुवातीला जीव टांगणीला लागतो, नंतर त्यातच निवांतपणा मिळतो.

सातारी_लहर

काका, आडव्या रेघेचं आज सकाळीच करून पाहिलं. कागदावर रेघाच जास्त झाल्या, पण शेवटपर्यंत थांबले नाही! खरखर, तक्ता काढला. मुलाने विचारलं, नापास झालीस का.

दोन शंका. परीक्षेत अक्षरं १८ च्या वेगाने आणि लांब फटी अशी येतात, की सगळंच सावकाश? आणि पाठवण्याचं सोपं वाटतंय ते खरंच सोपं आहे का?

खरखर

सगळंच सावकाश येऊ शकतं, त्याची तयारी हवी. कोखची सगळी अक्षरं संपली की शेवटचे तीन-चार आठवडे फटी कमी आणि अक्षरं लांब असा साधा ८ चा, आणि जमल्यास १० चा मजकूर ऐका. ८ च्या वेगाला नुसतं शून्यच जवळपास तीन सेकंद चालतं, मधेच ते ८ किंवा ९ वाटून हात पुढे धावतो.

माझ्या परीक्षेच्या वेळी २०० अक्षरांचा इंग्रजी मजकूर होता, ५ मिनिटांचा. आकडा किंवा विरामचिन्ह आलं तर ते दोन अक्षरं धरायचे. आधी मिनिटभर सरावाचा तुकडा वाजवला. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की बाद. गिचमिड आणि गिरवलेलं अक्षरही चालत नाही, म्हणून आत्तापासून सुटं, स्वच्छ लिहायची सवय ठेवा. अर्ज भरण्याआधी सध्याचे नियम एकदा नजरेखालून घाला.

एच-५ साठी जोड्या लावून ऐका: एच-५, व्ही-४, बी-६, जे-१. एका वेळी एकच जोडी.

तालतोड

पाठवणं सोपं वाटतं कारण आपलं आपल्याला कळतं :) रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी स्वतःच उतरवून बघा, किंवा मोर्स वाचणाऱ्या ॲपला ऐकवा. रेघ तीन ठिपक्यांएवढी, अक्षरांमधली फट तीन ठिपक्यांची, शब्दांमधली सातची. बहुतेकांची शब्दांमधली फट आखूड पडते. साधी 'की' (मोर्स ठोकायची कळ) वापरत असाल तर मनगट टेबलावर टेकवू नका, कोपर टेकवा आणि हालचाल मनगटातून येऊ द्या. चुकलं तर आठ ठिपके देऊन तो शब्द पुन्हा पाठवायचा, याचाही सराव करा, कारण गोंधळलेल्या क्षणी नेमके आठ मोजणं जमत नाही.

सातारी_लहर

'की' अजून घेतलीच नाहीये, ॲपच्या बटणावर बोट मारत होते...

तालतोड

मग आधी ती घ्या! सरावापुरती साधी 'की' आणि ५५५ आयसीवरचा छोटा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट) पुरे. पुण्याला येणं झालं तर तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतील, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच. सूर ६००-७०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, कर्कश लावलात तर घरचे ऑसिलेटरसकट बाहेर काढतील. सर्किटचं चित्र व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो.