मुकादमाने अडवून ठेवलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत उपग्रह छायाचित्रे पुरावा ठरतील का?

डोंगरपट्टा (धारूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी धारूर तालुक्यातील ऊसतोड कुटुंबांसोबत काम करते. गेल्या हंगामात कारखान्याचा पट्टा पडल्यावर (गाळप हंगाम संपल्यावर) इकडच्या बहुतेक टोळ्या गावी परतल्या. परंतु उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटलेली नाही असे सांगून मुकादमाने दोन कोयत्यांना (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या दोन जोड्यांना) तिकडेच अडवले, त्यांचे मोबाइल काढून घेतले आणि एका बागायतदाराचा उरलेला ऊस गुऱ्हाळासाठी तोडायला लावला, असे ती माणसे परत आल्यावर सांगत आहेत. मुकादमाचे म्हणणे असे, की पट्टा पडला त्याच दिवशी सर्वांचा हिशेब करून त्यांना गाडीत बसवून दिले. कोप्या (त्यांच्या राहायच्या झोपड्या) मोडल्या आहेत आणि हिशेबाची वही मुकादमाकडेच आहे. एका मुलाजवळच्या मोबाइलमध्ये मात्र कोपीसमोर घेतलेला छोटा व्हिडिओ शिल्लक आहे. त्यात मागे एक चिमणी आणि पाण्याची टाकी दिसते.

म्यानमारमध्ये रोहिंग्यांची गावे जाळली गेल्याचे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून समोर आल्याचे वाचले होते. आमच्या या दोन कुटुंबांसाठी तसे काही करता येईल का?

नकाशाघर (लातूर) यांचे उत्तर

ताई, आकाशातून कोपी दिसते का आणि या माणसांनी सांगितलेली हकिगत आकाशातून पडताळता येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर जवळपास नाही असे आहे. दुसऱ्याचे मात्र बऱ्याच अंशी होय.

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास आपल्या भागावरून जातात आणि त्यांची छायाचित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यातील एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकड्याएवढा असतो. कोपी त्या एका ठिपक्यातच मावते आणि तिचा रंग भोवतालच्या मातीत मिसळून जातो. मोठा तळ असेल तर मोकळ्या रानात फिकट डाग उमटू शकतो, पण दोन कोप्यांचा उमटणार नाही.

ऊस मात्र दिसतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. एका एकरात असे चाळीस ठिपके बसतात. उभा हिरवा ऊस अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यात ठळक उठून दिसतो; तोडणी झाली की तेच रान पुढच्या छायाचित्रात पाचटामुळे फिकट दिसते आणि पाचट पेटवले असेल तर काळे. उन्हाळ्याच्या तोंडी आभाळ बहुधा मोकळे असते, त्यामुळे सलग छायाचित्रे मिळण्याची शक्यता चांगली आहे. पट्टा पडला त्या तारखेला त्या गटातला ऊस उभा होता आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो टप्प्याटप्प्याने संपत गेला असे दिसले, तर तोडणी पुढेही चालू होती एवढे निश्चित होते. ती कोणी केली, हे छायाचित्र सांगणार नाही. ते आपल्याला माणसांच्या जबाबातूनच घ्यावे लागेल.

रोहिंग्यांच्या बाबतीतही असेच झाले. ऑगस्ट २०१७ नंतर उत्तर राखाइनमधील किमान ३९२ गावे पूर्णतः किंवा अंशतः नष्ट झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने छायाचित्रांवरून नोंदवले. रोहिंग्यांच्या वस्त्या बेचिराख आणि लगतच्या इतरांच्या वस्त्या शाबूत, हा फरकही त्यात दिसला. पण आग कोणी लावली, हे बांगलादेशात पोहोचलेल्या माणसांनीच सांगितले. म्हणून माझा आग्रह असा, की आधी दोन्ही कुटुंबांचे जबाब वेगवेगळे नोंदवून घ्यावेत, शेताची खूण, विहीर, रस्ता, सण-वार सगळे त्यांच्याच शब्दांत लिहावे, आणि छायाचित्र त्यानंतर उघडावे. आधी चित्र दाखवले तर आठवण त्या चित्राप्रमाणे वळते आणि मग दोन्ही पुरावे कमकुवत होतात.

व्हिडिओतील चिमणी आणि टाकी फार मोलाच्या आहेत. गूगल अर्थमध्ये त्या दोन्ही शोधून, व्हिडिओत त्यांच्यामधील अंतर जसे दिसते तसे कोणत्या जागेवरून दिसेल, हे रेषा ओढून काढता येते. कॅमेरूनमध्ये सैनिकांनी दोन स्त्रिया आणि दोन मुलांना ठार मारल्याच्या व्हिडिओचे ठिकाण बीबीसीच्या पत्रकारांनी २०१८ मध्ये मागच्या डोंगराच्या कडेवरून शोधले आणि काळ ठरवताना सावल्यांचा आधार घेतला. आपल्या व्हिडिओत सावली स्पष्ट असेल तर वेळेचा अंदाज येऊ शकेल. एक सावधगिरी बाळगावी: गूगल अर्थवरील स्वामित्वहक्काचे वर्ष म्हणजे छायाचित्र घेतल्याची तारीख नव्हे.

जालन्याचा वकील यांचे उत्तर

वरील मांडणीला कायद्याची जोड देतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कलम १५ नुसार, मजुराने एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. शिवाय १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की सक्तीने काम करून घेतल्याचे दिसल्यास ते आगाऊ रकमेपोटीच होते असे गृहीत धरावे. म्हणजे वही मुकादमाकडे आहे एवढ्याने आपली बाजू पडत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा.

व्हिडिओच्या बाबतीत भारतीय साक्ष अधिनियमाचे (पुराव्याच्या नव्या कायद्याचे) कलम ६३ पाहावे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेली, फाइल जराही बदलली की बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण) नमूद करावे लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या आमच्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात स्पष्ट केली होती. त्या मुलाचा मोबाइल जपून ठेवा, व्हिडिओ कापू नका, त्यावर नाव टाकू नका. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली प्रत दाबलेली असते आणि तिच्यातील मूळ तपशील गळतात. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हॅश आजच काढून तारखेसह लिहून ठेवा.

गोदाकाठ (परभणी) यांचे उत्तर

एक विनंती. हा व्हिडिओ किंवा शेताचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर किंवा या मंचावर टाकू नयेत. हीच माणसे पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा कोयता घेऊन निघणार आहेत आणि मुकादम एकमेकांना ओळखतात. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि बर्कली येथील विद्यापीठ यांनी २०२० मध्ये काढलेल्या बर्कली नियमावलीतही साक्षीदारांच्या सुरक्षिततेवर भर आहे. संमती नवऱ्याची घेऊन थांबू नये, बायकोची स्वतंत्र घ्यावी.

डोंगरपट्टा (धारूर)

सर्वांचे मनापासून आभार. मूळ मोबाइल त्या मुलाकडेच आहे. हॅश काढून घेते. बायांशी उद्या त्यांच्या घरी, पुरुष माणसे नसताना बोलते. शेताचा गट क्रमांक त्यांना माहीत नाही, पण शेत कालव्याच्या खालच्या अंगाला होते आणि शेजारी द्राक्षबाग होती, एवढे दोघींनीही सांगितले आहे.

नकाशाघर (लातूर)

एवढे पुरेसे आहे. कालवा आणि द्राक्षबाग दोन्ही गूगल अर्थवर ओळखू येतात. जबाब पूर्ण झाल्यावर कारखान्याचे गाव आणि पट्टा पडल्याची तारीख मला खासगी निरोपाने कळवा; पट्टा पडण्याआधीच्या आठवड्यापासून पुढच्या महिन्याभराची छायाचित्रे मी ओळीने लावून देतो.