जाणत्याबरोबर रानात गेल्याने काय फरक पडला? तुमचे अनुभव सांगा

ट्रेकला जाणारे, रोज टेकडी चढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हा धागा जरा वेगळ्या अनुभवांसाठी काढतेय. झाडं-पाखरं ओळखणारं कुणीतरी बरोबर होतं, त्याच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही थांबलात, ऐकलंत, पाहिलंत. त्यानंतर झोप, चिडचिड, दुखणं यांत काही फरक पडला का? इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) असं दिसलं, की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे असं सांगणारे जास्त होते. अर्थात, ज्यांना बरं वाटतंय तेच जास्त बाहेर पडत असतील, हेही शक्य आहे. म्हणून प्रत्यक्ष काय घडलं ते ऐकायचंय. माझं मत आधीच सांगते: नेणारा माणूस कसा आहे, यावर बरंच ठरतं.

ठाण्याहून

आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर माझी झोपच उडाली. रात्री दचकून जाग यायची, औषधाची वेळ टळली की काय असं वाटून. मैत्रिणीने परस्पर येऊरच्या निसर्गफेरीत माझं नाव घातलं. मला वाटलं, भराभर चालायचं असेल. पण नेणारे काका थोडं आत जाऊन जे थांबले ते थांबलेच. समोर कांडोळाचं झाड होतं. फेब्रुवारी सरत आलेला, झाडावर पान नाही, नुसतं पांढुरकं गुळगुळीत खोड. "हात लावून बघा," म्हणाले. ऊन चढलं होतं तरी खोड गार लागलं. सालीचे पातळ पापुद्रे सुटून आलेले, बोट फिरवलं की हलके कुरकुरायचे. मग त्यांनी वर बोट दाखवलं. फांद्यांच्या टोकांना बारीक फुलांचे तुरे होते. मला झाड वठलेलं वाटत होतं, आणि ते ऐन बहरात होतं!

कुणी मला काही विचारलं नाही, की कुणी सांत्वन केलं नाही. घड्याळाकडे न बघता मी इतका वेळ उभी राहिले, असं आई आजारी पडल्यापासून झालंच नव्हतं. त्या रात्रीही जाग आली, पण छातीत धडधडत नव्हतं. पुढे जात राहिले, झोपही हळूहळू लागायला लागली. फेरीमुळे की दिवस गेल्यामुळे, सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. पण एकटी असते तर त्या झाडाजवळून सरळ पुढे निघून गेले असते, हे नक्की.

नागोयाहून

अरण्यस्नानाची, म्हणजे रानात सावकाश वावरत ते डोळे-कान-नाकाने अनुभवण्याची कल्पना जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये पुढे आणली. तिची सुरुवात जिथे झाली ते नागानो प्रांतातलं आकासावाचं रान आम्ही वाटाड्याबरोबर पाहिलं. हिनोकीची सुमारे तीनशे वर्षांची झाडं आहेत तिथे. वाटाड्या बाईंनी हिनोकीची ढलपी चोळून हुंगायला दिली आणि मग बराच वेळ ओढ्याकाठी नुसतं बसवलं. जाण्याआधी आणि आल्यावर आम्ही रक्तदाब मोजला. माझा उतरला, नवऱ्याचा होता तसाच राहिला. झाडांच्या गंधद्रव्यांमुळे प्रतिकारशक्ती वाढते असं इथले काही अभ्यास सांगतात, पण त्यांतली माणसं मोजकीच असतात, त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवत नाही. मन निवलं, मला तेवढं पुरे. इथल्या मराठी मंडळींना एक सूचना: फेब्रुवारी ते एप्रिल सुगी आणि हिनोकी या झाडांच्या परागांचा त्रास होतो. ॲलर्जी असेल तर तेव्हा जाऊ नका.

नाशिकहून

मला नैराश्याचं निदान झालंय, गोळ्या चालू आहेत. हे मुद्दाम लिहितोय, कारण "रानात जा, गोळ्यांची गरज नाही" असं सांगणारे भेटतात. ते ऐकू नका. माझ्या डॉक्टरांनी उपचारांच्या जोडीला चालायला सांगितलं. पहिल्या गटात नेणाऱ्याला फोटोंची आणि पुढच्या ठिकाणाची घाई होती. तिथून आणखी थकून परतलो. दुसऱ्या गटातल्या ताई वेगळ्या. शिंपी पक्ष्याचं घरटं दाखवताना त्यांनी आम्हाला लांबच उभं केलं आणि पान पानाला कसं शिवलंय ते दुर्बिणीतून पाहायला लावलं. ज्या दिवसांत अंघोळसुद्धा नकोशी होते, त्या दिवसांत मी एका घरट्यात गुंतून गेलो. एवढंच, पण माझ्यासाठी ते मोठं आहे.

पुण्याहून

दृष्टी अधू झालीय. वेताळ टेकडीवर आमच्या बाई डोळे मिटून ऐकायला लावतात. तांबट पक्ष्याची टुकटुक आता मी घरातूनही ओळखतो, आणि गुडघे दुखत असले तरी सकाळी खाली उतरतो.

अकोले तालुक्यातून

मी नेणाऱ्यांपैकी आहे. मृगाच्या आगेमागे हिरडा, सादड्यावर काजवे लागतात, तेव्हा पाहुण्यांना रानात घेऊन जातो. नर चमकून मादीला खुणावतो, बॅटरी मारली की त्यांची चुकामूक होते. म्हणून आधी मोबाईल बंद करायला सांगतो. पहिली काही मिनिटं माणसं बेचैन असतात, हात सारखा खिशाकडे जातो. मग आवाज आपोआप खाली येतात. एक आजोबा परत निघायलाच तयार नव्हते. यायचं तर शनिवार-रविवार टाळा. गाड्यांच्या दिव्यांनी काजवेही त्रासतात आणि तुम्हीही.

नागपूरहून

यजमानांना पक्षाघातानंतर हळूहळू चालता येतंय. आमच्या बाजूला चढ नसलेली वाट आणि न घाई करणारं कुणी नेणारं असेल तर इथेच कळवा. बसायला बाक असतील तर फार बरं.