राजापूरची बाजारपेठ नदीकाठावरून वर न्यावी का?

अर्जुनाकाठ
मृग लागला की राजापुरात एकच प्रश्न असतो, यंदा जवाहर चौकात पाणी किती चढणार? येणार की नाही, हे कोणी विचारतच नाही. कोदवली आणि अर्जुना या दोन नद्या शहराशीच एकत्र येतात. वरून सह्याद्रीचं पाणी सुटलं आणि खालून खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाटच उरत नाही, ते पेठेत शिरतं. मग भोंगा वाजतो आणि माणसं रात्री-अपरात्री तांदळाची पोती, कापडाचे गठ्ठे माळ्यावर चढवत बसतात.

माझं स्पष्ट मत आहे, पेठ वर महामार्गाच्या बाजूला हलवली पाहिजे. ती खाली बसली, त्याला त्या काळी कारण होतं. अणुस्कुरा घाटातून घाटावरचा माल बैलांच्या तांड्यांनी उतरायचा आणि खाडीतून गलबतं यायची. त्या व्यापारासाठीच सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला मदत केली, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार फोडली आणि इंग्रजांना कैद केलं. एवढं मोलाचं हे बंदर होतं. पण १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येच नोंद आहे की, जरा मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. पुढे कोकण रेल्वे आली, तिचं राजापूर रोड स्टेशन शहरापासून लांब, सोलगावला. रस्ता वर, एसटीचं आगार वर. ज्या पाण्यासाठी पेठ तिथे बसली त्या पाण्यातून आता एक पोतंही येत नाही, पूर मात्र चुकत नाही. मग आणखी किती पिढ्यांनी माल माळ्यावर चढवायचा?

पेठेतला
इतिहास तुमचा बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. मोठी जहाजं १८८० च्या आधीच धक्क्यापर्यंत येईनाशी झाली, हे तुम्हीच लिहिलंत. मग पुढची जवळजवळ दीडशे वर्षं ही पेठ कशावर जगली? गलबतांवर तर नाहीच. ती जगली पाचल, रायपाटण, ओणी, आडिवरे, नाटे, जैतापूर इथून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. त्याच गॅझेटियरमध्ये राजापूरच्या अरुंद, चढाच्या गल्ल्यांचं, फरसबंद आणि वरून छप्पर घातलेल्या बाजाराचं वर्णन आहे. कोकणातल्या उत्तम टिकलेल्या जुन्या शहरांत ते आपल्याला धरतं. हे सगळं सोडून वर काय करायचं? पत्र्याच्या शटरांची एक लांब रांग? तसे बाजार महामार्गावर गावोगावी झालेत. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, एक वस्तू घेतं आणि निघतं. आमच्याकडे माणूस भुसारवाल्याकडे पिशवी ठेवतो, शिंप्याकडे जातो, दवाखान्यात जातो, मशिदीत किंवा देवळात जाऊन येतो आणि शेवटी पिशवी उचलतो. दुकानांच्या वर आणि मागे आमची घरं आहेत. दुकान वर गेलं की घर किती दिवस खाली राहील?

पुराचं खरं कारण गाळ आहे. डोंगर उघडे झाले, माती वाहून येते, पात्र उथळ झालंय. पात्रातला गाळ उपसला त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी आलं तरी लवकर ओसरलं, हे पेठेतल्या प्रत्येकाने पाहिलंय. ते काम दर उन्हाळ्यात, न चुकता, संगमाच्या खालपर्यंत करा. शहर हलवायच्या गोष्टी त्यानंतर करू.

कातळसडा
गाळ काढायलाच हवा, त्याला कोणाचीच ना नाही. पण पेठेतला दादा, गाळ काढून भरती थांबत नाही. अर्जुनेच्या उगमाकडे दिवसभर कोसळला आणि नेमकी अमावास्येची भरती असली, तर पात्र कितीही खोल करा, पाणी पसरणारच. नदीला पसरायला जी जागा होती तिच्यावर आपण बांधकामं केली. पूररेषेचं, म्हणजे पुराचं पाणी जिथवर चढतं त्या आखलेल्या हद्दीचं, नाव काढलं की सगळे चिडतात, पण ती रेषा कागदावर यायच्या आधीपासून नदी दर पावसाळ्यात दाखवत आलीय.

पाचलवाली
गुरुवारच्या आठवडा बाजाराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्या बाजूच्या बायका सकाळच्या एसटीने भाजी, कोकम, सुकवलेल्या आठळा, कुळीथ घेऊन येतात. खाडीकडच्या बायका सुकी मासळी आणतात. त्यांचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं गोणपाट. तुमची पेठ वर गेली की तिथे जागेला भाडं लागणार, आखलेले ओटे येणार, आणि ते ओटे कोणाला मिळतात हे आम्ही इतर ठिकाणी बघितलंय. खालच्या बाजारात आम्हाला जागा कुणी दिलेली नाही, वर्षानुवर्षं बसून ती आमची झालीय. नव्या जागेत हा हक्क कुठून आणायचा?

पुराचं म्हणाल तर गुरुवारी पाणी भरलं की आमचाही आठवडा बुडतो. त्यामुळे मी हलवायच्या विरुद्ध आहे असं समजू नका. पण आधी आमच्या बसण्याची जागा लेखी लिहा, मग दुकानदारांच्या गाळ्यांचं बोला.

चाकरमानी_डोंबिवली
अर्जुनाकाठ यांच्याशी सहमत. गणपतीला येतो तेव्हा खालच्या गल्लीत गाडी घालायची सोय नाही. बाजार वर असेल तर सगळ्यांनाच सोयीचं होईल.

पेठेतला
चाकरमानी भाऊ, रागावू नका, पण तुम्ही येता गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. पेठ बारा महिन्यांच्या गिऱ्हाइकावर चालते. तुमच्या गाडीच्या सोयीसाठी गाव हलवायचं, हे मला मान्य नाही.

जुना_भाडेकरू
मूळ दुखणं वेगळंच आहे. पेठेतले पुष्कळ दुकानदार भाडेकरू आहेत. मालक मुंबईला, वाटण्या न झालेल्या, सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर वीस-वीस नावं. भाडेकरूने दुकान सोडलं की त्याचा हक्क गेला. वर नवा गाळा विकत घ्यायला त्याच्याकडे भांडवल नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी माल भिजल्यामुळे ते साठतही नाही. खाली जुनं बांधकाम पाडून उंच जोत्यावर नवं बांधावं तर पूररेषेत परवानगीची अडचण. म्हणजे हलताही येत नाही आणि उंच होताही येत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा. मी त्यातलाच एक आहे.

अर्जुनाकाठ
भाडेकरूंचा मुद्दा आणि पाचलवाली ताईंचा मुद्दा, दोन्ही मला पटतात. म्हणून माझं म्हणणं नेमकं मांडतो. एका दिवसात पेठ उचला, असं मी म्हणत नाही. पहिली हलवायची ती गोदामं. सिमेंट, खत, धान्य, साखर यांचा घाऊक साठा नदीकाठच्या गल्लीत ठेवायचं आज काहीही कारण नाही. ट्रक वरच येतो, तिथून छोट्या गाडीने माल खाली येतो आणि पूर आला की तोच माल आपण पुन्हा वर नेतो. साठा वर राहिला तर दुकानात आठवड्यापुरता माल राहील, आणि तेवढा माळ्यावर चढवायला दोन माणसं पुरतील. घरं, देवळं, मशिदी, गल्ल्या आहेत तिथेच राहतील.

पेठेतला दादांनी जुन्या शहराबद्दल लिहिलं ते मलाही तितकंच प्रिय आहे. कोदवलीच्या ब्रिटिशकालीन सायबाच्या धरणातून उताराने पाणी शहरात आणणारी माणसं जागेचा उतार वाचून काम करत होती. आपणही तोच उतार वाचावा आणि जड माल वरच्या अंगाला ठेवावा, एवढीच मागणी आहे.

पेठेतला
गोदामांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, पण त्यातही एक गोष्ट सुटतेय. माझ्यासारख्या मध्यम दुकानदाराचं गोदाम म्हणजे दुकानाचीच मागची खोली. वर वेगळी जागा घेतली की भाडं आलं, राखणदार आला, रोजची हमाली आली. तो खर्च भावात चढणार आणि गिऱ्हाईक रत्नागिरीला नाहीतर कणकवलीला जाणार. दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून एक सामायिक गोदाम केलं तर कदाचित जमेल. पण त्यासाठी जमीन सरकारी हवी आणि भाडं नाममात्र हवं. आणि ते झालं म्हणून गाळ उपसायचं काम कोणी थांबवायचं नाही. या दोन अटी लेखी असतील तर पहिली सही माझी.

पाचलवाली
आणि तिसरी अट आमच्या गोणपाटाची. ती नसेल तर माझी सही नाही.