कलादालन आधी की बाग आधी? (दोन मुलं, एक आजी, सुट्टीचा एक दिवस)

दोघांची आई

नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. सासूबाई ७१ वर्षांच्या. गुडघे दुखतात, पण बाहेर पडायची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. महिन्यातली एक सुट्टी पाचही जणांनी मिळून घालवायची असं ठरवलंय. लांबचा प्रवास नको, मुक्काम नको. एक कलादालन, एक बाग, बागेत मुलांना खेळायला जागा. बस्स.

गेल्या वेळी काय झालं ते सांगते. सकाळी बागेत गेलो, दोघं मनसोक्त खेळली. तिथून दालनात शिरेपर्यंत बारा वाजून गेले होते. मुलगा घामाघूम, झोपेला आलेला. तिसऱ्या खोलीत त्याने एका चित्राच्या चौकटीवर अख्खा तळवा टेकवला. तिथले कर्मचारी धावत आले आणि सगळ्यांदेखत मोठ्या आवाजात बोलले. मुलगा रडायला लागला, मी आणि नवरा एकमेकांवर चिडलो, सासूबाई बसायला जागा शोधत राहिल्या. लेक हळूच म्हणाली, "आई, आपण परत इथे नको यायला."

खरं सांगू? ओरडा खाल्ल्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट टोचतेय. त्याआधी ती एका होडीच्या चित्रासमोर किती तरी वेळ उभी होती. अजून चार खोल्या राहिल्यात म्हणून मी तिला हाताला धरून ओढत पुढे नेलं.

तर, क्रम कसा ठेवावा? दालनात किती वेळ? दोन वयांची मुलं आणि आजी हे एकत्र कसं जमवता? अनुभव असलेल्यांनी सांगा.

झोपाळेवाले बाबा

आमच्याकडे आधी बाग, मग दालन. मुलं आठ आणि दहा वर्षांची. पळून, लोंबकळून अंगातली रग जिरली की आत गप्प चालतात. उलटं केलं तर चित्रांसमोरच पकडापकडी सुरू होते. मात्र मध्ये तासभर विश्रांती हवी. हातपाय धुणं, पाणी, थोडं खाणं. तुम्ही बहुतेक तिथेच घाई केलीत.

दालनातली मावशी

ताई, तुमचं वाचून आधी त्या लेकीचंच वाईट वाटलं. मी एका कलादालनात २२ वर्षं देखरेखीचं काम केलं. कोपऱ्यात उभं राहायचं आणि दिवसभर चित्रं बघणारी माणसं बघायची. सुरुवातीच्या वर्षांत मीही लहान मुलांवर ओरडलेय. त्यातल्या एका मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत: मुलं इतकी लहान असताना आधी दालन, मग बाग. बाबा म्हणतात ते आठ-दहा वर्षांच्या मुलांना लागू पडत असेल. साडेतीन वर्षांचं मूल खेळून दमलं की शांत होत नाही, किरकिरं होतं. शिवाय डोळ्यांचा प्रश्न आहेच. उजेड लक्स या एककात मोजतात. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारो लक्स उजेड असतो, भर उन्हात लाखाच्या घरात. दालनात कागदावरच्या चित्रांना आणि जलरंगांना ५० लक्सच्या आसपास ठेवतात, तैलचित्रांना साधारण २००. उजेडाने रंग उडतो आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही, म्हणून ही काळजी. उन्हातून थेट आत आलेल्या मुलाला आधी काही मिनिटं सगळं अंधारंच वाटतं आणि ते बाहेर चला म्हणून मागे लागतं. आत आल्यावर पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावू द्या.

आता त्या चौकटीबद्दल. चित्रं सहसा अशी टांगतात की चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर यावा, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. तुमचा मुलगा असेल मीटरभर उंच. त्याला काय दिसतं? चौकटीची खालची नक्षी आणि काचेवर चमकणारा दिवा. चित्र त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. जे नजरेसमोर आलं त्याला त्याने हात लावला. त्यात खोडसाळपणा काही नव्हता हो. चित्रापासून चार पावलं मागे या, त्याच्याशेजारी उकिडव्या बसा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा बघा. मग लागलं तर कडेवर घ्या. मी हे कितीतरी आईबापांना करायला लावलंय आणि दर वेळी त्यांच्या तोंडून "अरेच्चा" निघालंय.

हात का लावायचा नाही ते घरीच दाखवा. आरसा स्वच्छ पुसा आणि त्यावर बोट टेकवायला सांगा. ठसा उमटतो तो घामाचा आणि त्वचेवरच्या तेलाचा. घामात क्षार असतात. एका बोटाने फार काही होत नाही, पण रोज शेकडो माणसं येतात. हे साडेतीन वर्षांच्या मुलालाही कळतं, कारण ठसा त्याचा स्वतःचा असतो. आणि हाताला काम द्या: छोटी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, बहुतेक दालनांत शाई चालत नाही. दारावर विचारून घ्या. पाठीवरची सॅक जमा करा किंवा पोटाशी घ्या. मागे वळताना सॅक भिंतीला घासते आणि माणसाला पत्ताही नसतो. मुलांपेक्षा मला भीती वाटायची ती सॅकवाल्या मोठ्यांची.

किती बघायचं? तीन चित्रं. खरंच तीनच. एक लेकीने निवडायचं, एक मुलाने, एक आजींनी. अर्धा-पाऊण तास झाला की निघायचं, अजून बघावंसं वाटत असलं तरी. चित्रासमोर गेल्यावर शेजारची पाटी आधी वाचू नका. तीन प्रश्न विचारा: या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? अजून काय सापडतंय? हे प्रश्न माझे नाहीत. अॅबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी बसवलेली ही पद्धत आहे, अनेक संग्रहालयांत आणि शाळांत वापरतात. दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण उत्तर शोधायला मूल परत चित्राकडे वळतं. विचारल्यावर मात्र गप्प राहा. मोठ्यांना तीन सेकंदांची शांतता सोसत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

आजींचं दुखणं नवं नाही. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली एका माणसाला संग्रहालयातल्या वस्तू नीट बघायला लावल्या आणि बघताना त्याला कुठे वाकावं लागतं, कुठे बसावं लागतं, याचे फोटो छापले. संग्रहालयात माणूस दमतो त्यात मांडणीचाही दोष असतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. तेव्हा संकोच करू नका. घडीचं स्टूल किंवा चाकांची खुर्ची आहे का, हे आधी फोन करून विचारा. आणि जिथे बाक आहे त्याच्यासमोरचं चित्र ते आजींचं चित्र.

शेवटचं. पाचही जणांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे हा हट्ट सोडा. मुलाचं झालं की बाबांनी त्याला घेऊन बाहेर पडावं. तुम्ही लेकीजवळ थांबा. ती होडी अजून तिथेच असेल.

नडगीवाला

मी बागेबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका.

माझी मुलगी दोन वर्षांची होती. तिला एकटीला भीती वाटेल म्हणून मी मांडीवर घेतलं. मधेच तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला. ती एकटी असती तर तिथेच थांबली असती, तिचं वजन ते केवढं. पण माझं सगळं वजन खाली चाललेलं. तिचा पाय मागे राहिला, पिरगळला, आणि नडगीचं हाड मोडलं. वेगही फार नव्हता. डॉक्टर म्हणाले, असे पाय आमच्याकडे नेहमी येतात, आणि जवळजवळ सगळे आईबापांच्या मांडीवरचे. तिला जपायला म्हणून जे केलं त्यानेच तिचा पाय मोडला, हे मला अजूनही पचलेलं नाही. मोठी घसरगुंडी एकट्याने जमत नसेल तर मूल अजून त्या घसरगुंडीएवढं झालेलं नाही, एवढंच. छोटीवर बसवा आणि शेजारी उभे राहा.

उन्हाच्या वेळी मुलाला बसवण्याआधी घसरगुंडीवर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. पत्रा तापतो हे सगळ्यांना माहीत असतं, प्लास्टिकही चटका देण्याइतकं तापतं. आणि चढायच्या खेळांवर गळ्यात दोरी, टोपीची नाडी, डोक्यावर सायकलचं हेल्मेट काही नको. अडकलं की गळा आवळला जातो.

वाळू आणि बाक

मी उद्यानांचे आराखडे करते. दोन वयांच्या मुलांसाठी बाग शोधताना रंगीबेरंगी खेळणी किती आहेत ते मोजू नका. वाळू आहे का आणि वाळूजवळ बाक आहे का, ते बघा. वाळूत सात वर्षांची मुलगी पूल बांधते आणि साडेतीनचा त्यावरून काडी चालवतो. दोघांना एकमेकांची वाट बघावी लागत नाही. झोपाळा आला की रांग आली, रांग आली की भांडण आलं.

आल्डो व्हान आइक या डच वास्तुरचनाकाराचं काम मला फार जवळचं आहे. १९४७ पासून १९७८ पर्यंत त्यांनी अॅमस्टरडॅममध्ये सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या, पुष्कळशा मोकळ्या पडलेल्या भूखंडांवर. काय होतं तिथे? रुंद काठाचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, बाक. हत्ती-जिराफाच्या आकाराचं काहीही नाही. दांडीचं काय करायचं ते मुलाने ठरवायचं. हौदाच्या काठावर आजी बसू शकते, मूल त्यावरच वाळूचे डोंगर घालू शकतं.

मावशींच्या तीन चित्रांत घरूनच एकाची भर घालते. थोरल्या पीटर ब्रॉयगेलचं १५६० सालचं एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या वर खेळ खेळताहेत. चाक पळवणं, काठ्यांवर चालणं, आंधळी कोशिंबीर. डाव्या कोपऱ्यात खाली दोघी चक्क हाडांचे सागरगोटे खेळताना दिसतील. मोठ्या आकारात छापून घ्या आणि आदल्या रात्री जमिनीवर पसरा. यातला कोणता खेळ उद्या बागेत खेळायचा ते त्यांना ठरवू दे.

दोघांची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नडगीवाले दादा, मी आजपर्यंत प्रत्येक वेळी मुलाला मांडीवर घेऊनच घसरले आहे. वाचून हात गार पडले.

मावशी, एक विचारू? दालन आधी ठेवलं तर "चित्रं नीट बघितलीस तर झोपाळा" असं सांगितलेलं चालेल का?

दालनातली मावशी

नको हो. झोपाळ्याची लालूच दाखवली की चित्र हे कडू औषध आहे, असं तुम्हीच त्याला सांगितल्यासारखं होतं. बाग तर होणारच आहे, तो कसाही वागला तरी. आज आधी चित्रं, मग बाग, असं सकाळीच शांतपणे सांगा. आत त्याला कंटाळा आला तर ती शिक्षेची गोष्ट नाही. बाबांबरोबर बाहेर.

दोघांची आई

काल जाऊन आलो. सगळंच सुरळीत झालं असं नाही. वाळूतून निघताना मुलाने भोकाड पसरलं आणि घरी येईपर्यंत थांबला नाही.

पण दालन! उघडल्या उघडल्या पोचलो, बाकावर पाच मिनिटं बसलो. फोन करून ठेवला होता, त्यामुळे स्टूल मिळालं; सासूबाई ते स्वतःच उचलून हिंडल्या. मुलाने काळ्या कुत्र्याचं चित्र निवडलं. मी उकिडवी बसून बघितलं तर खरंच, त्याच्या उंचीवरून कुत्र्याचे फक्त पाय दिसत होते. कडेवर घेतल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "याला तोंड पण आहे!" आरशाचा ठसा त्याला इतका लक्षात राहिला की दुसऱ्या एका काकांना त्याने "ठसा उमटेल" म्हणून अडवलं. पंचवीस मिनिटांत त्याचं संपलं, नवरा त्याला घेऊन गेला. बागेत लेकीने ब्रॉयगेलमधल्यासारखं काठीने चाक पळवायचा हट्ट धरला. चाक काही मिळालं नाही, मग दांडीवरून उलटं लोंबकळण्यावर तडजोड झाली.

लेक आणि मी होडीपाशी थांबलो. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "होडीत कुणी नाहीये, पण तो माणूस आत्ताच उतरून गेलाय."

दालनातली मावशी

मग दुसरा प्रश्न विचारलात का?

दोघांची आई

विचारला. म्हणाली, "वल्हं ओलं आहे ना. त्याच्याखालची फळी बघ, तेवढीच काळी रंगवलीय, तिथे पाणी ठिबकलंय." मी त्या चित्रासमोर दोन वेळा उभी राहिले होते. मला ती फळी दिसलीच नव्हती.