मदत हवी आहे: भावाला काळी शी होतेय, दुर्बीण नॉर्मल आली

वाट_बघतोय: धाकट्या भावाला परत काळी व्हायला लागलीये, डांबरासारखी चिकट, वास सहन होत नाही. रक्त चढवलं की जरा बरं आणि मग परत तेच. दुर्बीण घालून बघितलं, अल्सर नाही म्हणाले. डॉक्टर नुसतं बघू बघू करतात. रक्त थांबवायला नक्की काय करतात कुणी सांगा, लवकर प्लीज

मीनल_कराड: वय? एचबी किती? दारू आहे का? लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळी होते.

शेतकरीदादा: डाळिंबाच्या सालीचा काढा द्या सकाळ संध्याकाळ, आमच्या आत्याचं मूळव्याधीचं रक्त त्यानेच थांबलं.

मीनल_कराड: दादा मूळव्याधीत लाल पडतं, हे पोटाच्या वरच्या भागातून येतंय. पेशंट ॲडमिट आहे, काढा बिढा तोंडाने काहीच देऊ नका.

वाट_बघतोय: ३४ वय, एचबी ६.२. गोळ्या नाहीत. दारू होती, आता बंद. पॅन्क्रियाटायटिसने (स्वादुपिंडाला सूज) आयसीयूत होता ना मागे, तेव्हापासून स्वादुपिंडाजवळ पाण्याची गाठ आहे

सीटी_वाला: अहो हेच तर मुख्य आहे! मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण असे पेशंट बघितलेत. स्वादुपिंडाचा रस शेजारच्या धमनीची भिंत खातो, बहुतेकदा प्लीहेकडे (स्प्लीन) जाणारी, मग तिथे फुगा येतो. त्यातलं रक्त गाठीत नाहीतर स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं, तेही थांबून थांबून, म्हणून दुर्बिणीत काही दिसत नाही. आजच सीटी अँजिओबद्दल (औषध टोचून रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) विचारा, साध्या सीटीत फुगा निसटू शकतो. सापडला तर जांघेतून तार घालून कॉइल (धातूची बारीक स्प्रिंग, फुगा बंद करायला) टाकतात, पोट फाडावं लागत नाही.

नंदा७२: आमच्या मिस्टरांना पण पॅन्क्रियाटायटिसच होता पण प्लीहेच्या शिरेत गुठळी होऊन जठरातल्या शिरा फुगल्या होत्या. त्या बंद करायला ग्लू भरला तरी परत रक्त आलं, शेवटी प्लीहाच काढली तेव्हा थांबलं. तुम्ही सरळ सर्जन गाठा, उगीच वेळ घालवू नका.

सीटी_वाला: ताई तुमचं शिरेचं होतं, याचं धमनीचं असेल तर प्लीहा काढायला धावून कसं चालेल? सीटी अँजिओत दोन्ही कळतं, आधी ते होऊ दे.

नंदा७२: मी अनुभव सांगितला. आणि प्लीहा काढायची ठरलीच तर न्यूमोनिया वगैरेच्या लसी आधी द्यायच्या असतात, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मीनल_कराड: खर्चाचं बघा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) विचारा, रेशनकार्ड आधार जवळ ठेवा.

वाट_बघतोय: सीटी अँजिओ झाली. धमनीवर फुगाच निघाला. इथे कॉइल टाकणारे नाहीत, पुण्याला हलवतोय आत्ता

सीटी_वाला: नुसता रिपोर्ट नको, सीडी मागून घ्या. निघायच्या आधी तिथे फोन करून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (कॉइल टाकणारे डॉक्टर) आहेत का ते नक्की करा. साधी ॲम्ब्युलन्स नको, डॉक्टर असलेलीच घ्या, रक्ताची पिशवी सोबत असू दे.